आमच्यात या नावाची कोणी नाही

कृष्णात इंगवलेला नात्यांचा नाद होता. कुणाला तालमीचा असतो, कुणाला कबुतरांचा, याला नात्यांचा. एसटीत शेजारी कोणी टेकलं की 'पावणं, गाव कंचं?' म्हणून सुरुवात व्हायची, आणि कागल येईपर्यंत त्या माणसाची चुलत मावशी याच्या कुठल्या तरी मामाच्या घरात नांदत असल्याचं उघडकीला आलेलं असायचं. नाहीच आलं, तर स्वारी हिरमुसून खिडकीबाहेर बघत बसायची. त्याची बायको म्हणायची, ह्यांना यष्टीत बसवू नगा, उतरताना चार सोयरे घिऊनच उतरत्यात.

गाव मुरगूड, नोकरी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलाच्या ऑफिसात, घर फुलेवाडीत. माणूस सरळ. कुणाच्या अध्यातमध्यात नाही, कुणाला उणंदुणं बोलणं नाही. अशा माणसाच्या हातून एक गोष्ट घडली आणि पुढं तिच्या लाजेनं त्याची मान खाली गेली ती गेलीच. ती कशी घडली, एवढंच सांगायचं आहे.

दोन हजार आठ साल. पुण्याला कंप्युटर कंपनीत असलेला चुलत पुतण्या अमरसिंह यानं एका साइटवर इंगवल्यांच्या वंशावळीचं झाड सुरू केलं आणि काकाला ईमेलवरून आवतण धाडलं. क्रांतीनं, म्हणजे कृष्णातच्या लेकीनं, बापाला ते उघडून दाखवलं. पुरुषाचा चौकोन निळा, बाईचा गुलाबी. चौकोनावर टिचकी मारली की विचारायचं, याचे वडील कोण, आई कोण, जोडीदार कोण. कृष्णातनं आजवर जे एसटीच्या बाकावर केलं होतं, तेच इथं पडद्यावर रेघा ओढून मिळत होतं. गडी खुळावला. आधी बिंदू चौकाजवळच्या कॅफेत तास-तास बसला, मग घरीच कंप्युटर आणून इंटरनेट जोडून घेतलं. रोज कुणाला तरी फोन. 'तुमच्या थोरल्या आजीचं माहेर कंचं?' भावकीत कुणी पणजोबाचं नाव विचारायला लागलं की लोक आधी सातबारा काढून बघतात. दोन-तीन घरांनी तर वकिलालाही विचारून ठेवलं. पण झाड वाढलं, मुंबईची, बेळगावची, दुबईची इंगवले मंडळी त्यावर येऊन बसली, आणि फोटोखाली 'काका ग्रेट' असं लिहून जाऊ लागली. कृष्णातला एवढं कौतुक उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

दिवाळीनंतर मुरगूडला हेळवी आला. हेळव्यांचा हा पिढीजात धंदा. वर्षा-दोन वर्षांनी यायचं, ओट्यावर बसून मूळपुरुषापासून घराण्याची नावं म्हणायची, आणि जोंधळं घेऊन पुढच्या गावाला जायचं. कृष्णात मुद्दाम रजा टाकून गावी गेला आणि तो म्हणेल ते कागदावर उतरवत बसला. पिढ्या सरत सरत हेळवी कृष्णातच्या बापापाशी आला आणि त्याच सुरात म्हणाला, ''भाऊसोची लगनाची चिमणाबाई, तिचा कृष्णात. चिमणाबाईच्या मागं पाटाची बनाबाई.''

कृष्णातचं पेन तिथं थांबलं.

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ना वाजंत्री, ना वऱ्हाड, चार माणसांत उरकायचं. स्वतःला शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या घरांत हा शब्द आला की माणसं आवाज बारीक करतात. कुणाच्या घरात पाट झालाय हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, आणि अख्खा गाव ते ठाऊक नसल्यासारखं वागतो.

बनाबाईला पहिली दिली होती हातकणंगल्याला. नवरा तापानं गेला तेव्हा पोटात पोर होतं. मुलगी झाली, शालू. ती दीड वर्षाची झाली आणि बनाबाईच्या भावांनी बहिणीचा पाट मुरगूडच्या भाऊसो इंगवल्याशी लावून दिला. तेव्हाची रीत अशी, की पाट लावून गेलेल्या बाईनं पोर मागं ठेवायचं. पोर बापाच्या घराण्याचं. शालू हातकणंगल्यात आजीपाशी राहिली. इकडं भाऊसोच्या घरात आई गेलेलं काही महिन्यांचं पोर रडून रडून निळं पडत होतं. तो कृष्णात. बनाबाईचं दूध अजून आटलं नव्हतं. शालूच्या वाटणीचं ते दूध कृष्णात प्याला, आणि ही गोष्ट लहानपणापासून त्याला माहीत होती, कारण मुरगूडच्या बायका ती त्याच्यासमोरच बोलायच्या. बनाबाईला पुढं दुसरं मूल झालं नाही. ती कृष्णातची आई होती, आणि तो तिला आईच म्हणायचा. भाऊसो गेल्यापासून ती फुलेवाडीच्या घरात त्याच्यापाशीच होती.

पण झाडावर आईच्या चौकोनात चिमणाबाई भरली होती, तीही मृत्यूचं साल न टाकता. भाऊसोच्या नावावर टिचकी मारली की 'आणखी जोडीदार जोडा' अशा अर्थाचं एक बटण यायचं. कृष्णात त्या बटणाकडं बघायचा आणि दुसऱ्या फांदीवर जायचा. नंतर भरू, असं तो मनाशी म्हणायचा. अमरसिंहानं फोनवर विचारलंही, ''काका, बनाआज्जी कुठं दिसंना झाडावर?''

''क्रांतीचं जमूदे. मग घालतो की,'' कृष्णात म्हणाला.

खरं कारण ते होतं. क्रांतीला गडहिंग्लजकडचं मोठं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील बाळासो कुळाचे भारी अभिमानी, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. कृष्णातनं स्वतःच्या हातानं त्यांना झाडाचं आवतण पाठवलं. बघा म्हणावं आमचं घराणं, सगळं स्वच्छ.

बाळासो मुलगी बघायला आले, ते झाड वाचूनच आले. पोहे झाले, चहा झाला. बनाबाई पदर सावरत बाहेर आली, तसे ते उठून तिच्या पाया पडले आणि म्हणाले, ''काय चिमणाबाई, बरं हाय न्हवं?''

बनाबाईनं कृष्णातकडं बघितलं. कृष्णातनं चहाच्या कपांकडं बघितलं. ज्या बाईचं पोर, चूल आणि नवरा तिनं उभा जन्म सांभाळला, तिचं नावही आता तिच्या अंगावर येऊन पडलं होतं. ती म्हणाली, ''बरं हाय की. बसा तुमी.'' आणि आत गेली. पाहुणे गेल्यावर तिनं त्याला काही विचारलं नाही. तिनं विचारावं म्हणून तो दोन दिवस तिच्या आसपास घोटाळला, आणि विचारलं तर काय सांगावं या भीतीनं तिथून सटकलाही. त्याची त्याला लाज वाटत होती. पण स्थळ पसंत पडलं होतं, आणि ती खुशी लाजेपेक्षा मोठी वाटली.

साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी सकाळी साइटवर एक निरोप आला. लिहिणारा ज्ञानू, हातकणंगल्याचा, शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली होती. कृष्णातला ती जुळवून वाचावी लागली. माझ्या आईचं नाव शालूबाई. तिच्या आईला मुरगूडच्या इंगवल्यांत दिली होती असं ती सांगते. आजीचं नाव बनाबाई. तुमचं झाड बघितलं, पण त्यात ती दिसत नाही. आई विचारते, ती आहे का? असली तर आई एकदा भेटायला येईल. दुसरं काही नको.

बनाबाई त्याच खोलीच्या उंबऱ्यात पावटे सोलत बसली होती. सूप मांडीवर, शेंगांचा ढीग बाजूला.

''काय बगतोस रं एवढं?'' तिनं विचारलं.

''काय न्हाय. हापिसातलं हाय.''

शालूबाई आली तर एकटी येणार नव्हती. तिच्यामागं पाट येणार, पहिला नवरा येणार, आणि बाळासोंच्या पुढं 'चिमणाबाई' म्हणून उभी केलेली बाई खोटी ठरणार. साखरपुडा तोंडावर. कृष्णातनं उत्तर टाइप केलं. हायस्कुलात तो दाखल्याच्या अर्जांना द्यायचा तसंच, कोरडं. आमच्यात या नावाची कोणी नाही. आपण दुसरीकडे चौकशी करावी.

पाठवायच्या आधी त्यानं एकदा उंबऱ्याकडं बघितलं. ती एक किडका दाणा वेचून बाजूला टाकत होती. त्यानं बटण दाबलं. मग उठून मोरीत गेला आणि उगाचच हात धुतले.

लग्न थाटात झालं. पाटाच्या बाईनं हळदीला पुढं व्हायचं नसतं म्हणून बनाबाई आपणहून मागच्या खोलीत बसून राहिली, कुणी बसवावं लागलं नाही. दिवाळसणाला जावई आणि बाळासो आले, तेव्हा जेवणं झाल्यावर पान जुळवता जुळवता बाळासोंनी आपल्या घराण्याच्या गोष्टी काढल्या, आणि सहज म्हणाले, ''आमची आजी पाटाचीच की. लई करारी बाई. तिनंच सगळा बारदाना उभा केला.''

कृष्णातचा हात सुपारीच्या डब्यावरच राहिला.

''त्येच्यात काय हाय?'' बाळासो म्हणाले, ''पाट झाल्याला न्हाय आसं घर दाखवा मला जिल्ह्यात.''

आधी कृष्णातला हसू आलं, आणि मग तो पाणी आणतो म्हणून उठला. कुणीही न मागितलेल्या अब्रूसाठी त्यानं आईला नाही म्हटलं होतं. बाळासो वाईट असते, लग्न मोडलं असतं, तर निदान म्हणायला जागा उरली असती. आता तीही नव्हती. त्या दिवसापासून झाड उघडलं की त्याला कसंतरी व्हायचं. 'काका ग्रेट' वाचलं की मान खाली जायची.

शेवटी एका रविवारी तो बनाबाईला म्हणाला, ''आई, शालूबाईचा तपास लागलाय. हातकणंगल्यातच हाय. जायचं का?''

बनाबाईनं कसा लागला, कधी लागला, काही विचारलं नाही. पेटीतलं नवं लुगडं काढून नेसली, पिशवीत खोबऱ्याची वाटी, साखर आणि चोळीचा खण घातला, आणि शेजाऱ्याची मारुती व्हॅन मागून आणेपर्यंत दारात उभी राहिली. कृष्णातनं ज्ञानूला आधी कळवलं नाही. कळवायचं तर त्याच निरोपाच्या खाली लिहावं लागलं असतं.

स्टेशनाकडच्या गल्लीत घर सापडलं. शालूबाई दारात भांडी घासत होती. केस पांढरे झालेली बाई; पण हनुवटी बनाबाईची. बनाबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ''मी बना.''

शालूबाईचे हात राखेनं भरलेले होते. ती तशीच उठली. मिठी वगैरे काही मारली नाही. राखेच्या हातानंच तिनं म्हातारीचं मनगट धरलं आणि तिला घरात नेलं. कृष्णात दाराबाहेरच्या कट्ट्यावर टेकला. आत जावं की नाही, हे त्याला कळेना.

आतलं बोलणं बाहेर येत होतं. ज्ञानू म्हणाला, ''आज्जी, आमी कंप्युटरवर लिवलं हुतं की तुमच्याकडं. कुणी इंगवले हुते त्येंनी कळवलं, आसली बाई आमच्यात न्हाय म्हणून.''

''मला वाटलं, तू गेलीस,'' शालूबाई म्हणाली. ''न्हायतर न्हाय कशाला म्हणतील? मी तुझ्या नावानं डोईवरनं पाणी घेतलं. सुतक धरलं.''

कृष्णातला दारातून बनाबाईची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ वळली नाही. त्याला वाटलं, आता उठावं, चपला काढाव्यात, आत जाऊन सांगावं. तो कट्ट्यावरच बसून राहिला.

मग शालूबाई चहा घेऊन बाहेर आली. त्याच्या हातात कप देत तिनं आत वळून विचारलं, ''ह्ये पावणं कोण?''

''गाडीवाला हाय,'' बनाबाईनं आतून सांगितलं. ''आमच्या गल्लीतला.''

''आन् तू वाडवल्याला त्यो ल्योक? त्यो न्हाय आला?''

''त्येला सवड न्हाय गावली.''

कृष्णात चहा प्याला. गाडीवाला म्हणूनच प्याला. कप धुऊन कट्ट्यावर पालथा ठेवला, आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला. तिनं सूड घेतला नव्हता, हे त्याला पुरतं कळत होतं. लेकीच्या दारात त्याची अब्रू जाऊ नये म्हणून तिनं त्याला पोरगं म्हणायचं सोडलं होतं. तिनं थोबाडीत मारली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं.

परतताना त्यानं तोंड उघडलं. ''आई, त्ये उत्तर...''

''म्होरं बघून चालव,'' ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हा विषय तिनं पुन्हा कधी काढू दिला नाही.

त्या रात्री कृष्णातनं झाडावर बनाबाईचा चौकोन भरला, तिचा पहिला नवरा भरला, शालूबाई भरली, ज्ञानू भरला. पण ज्ञानूनं तो नाद केव्हाच सोडून दिला होता, आणि इतरांची हौसही फिटली होती. तो चौकोन कुणी बघितला नाही.

पुढं बनाबाई महिन्या-दोन महिन्यांनी हातकणंगल्याला जाऊ लागली. एसटीनं जायची. सोडायला येतो म्हटलं तर 'स्टँडपातूर ये' म्हणायची. शालूबाई फुलेवाडीला येते म्हणाली की ही काही ना काही सबब सांगायची: घर लहान हाय, सून बाहेरगावी हाय, मीच येतो की. एका खोट्याला जपत म्हातारी पायातल्या वाताला न जुमानता बसच्या पायऱ्या चढायची. कृष्णात स्टँडवर उभा राहून ते बघायचा. आज सांगतो, पुढच्या खेपेला सांगतो, असं करत दोन वर्षं गेली. माणूस भित्रा असला की त्याला पुढची खेप नेहमी दिसते.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात बनाबाई गेली. दुपारची जेवून कलंडली ती उठलीच नाही. तिच्या पिशवीत मिळालेल्या ज्ञानूच्या नंबरावर क्रांतीनं फोन केला. मुरगूडची भावकी ट्रकनं आली, अमरसिंह पुण्याहून आला, गडहिंग्लजहून बाळासो आले. अंगणात ताटी बांधून झाली. कृष्णात ओल्या धोतरावर, उघड्या अंगानं, हातात शिंकाळ्यातलं मडकं धरून ताटीच्या पुढं उभा राहिला. तेवढ्यात रिक्षातून शालूबाई आणि ज्ञानू उतरले.

शालूबाई आईच्या तोंडावरचा कपडा बाजूला करून बसली. बायकांनी तिला पोटाशी धरलं. डोळे पुसून ती उठली आणि तिची नजर मडक्यावर पडली. मग मडकं धरलेल्या माणसावर.

''आवं,'' ती म्हणाली, ''तुमी तर गाडीवालं न्हवं? तुमच्या हातात मडकं कसं?''

सगळी भावकी तिच्याकडं बघायला लागली. कुणाला काही उमजेना. बाळासो कृष्णातच्या अगदी शेजारी उभे होते. आता सबब सांगणारी ताटीवर निजलेली होती.

''मी गाडीवाला न्हाय, शालूआक्का,'' कृष्णात म्हणाला. ''मी हिचा ल्योक. तुझ्या वाटणीचं दूध प्यालेला त्यो मीच. आन् आमच्यात आसली कोण न्हाय म्हणून तुमाला लिवणारा बी मीच. ही तवा म्होरं बसून पावटं सोलत हुती.''

ज्ञानू एक पाऊल पुढं आला, शालूबाईनं त्याला हातानं अडवलं. ती कृष्णातकडं बघत राहिली. तिनं शिव्या द्याव्यात, ते मडकं हातातून हिसकून घ्यावं, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं ते देऊनही टाकलं असतं. तिनं फक्त आईच्या अंगावरचा हार नीट केला.

''मग हो की म्होरं,'' शालूबाई म्हणाली. ''आजून किती येळ तिला दाराबाहीर ठेवणार हायस?''

कृष्णात पुढं झाला.